दोन बोटं फट

दिवाळी आटोपली, पणत्या धुऊन माळ्यावर गेल्या, की आमच्या गल्लीत एक घर काळं व्हायचं. सगळं घर नव्हे, त्याची दक्षिणेकडची भिंत. काकाजी पायजमा वर दुमडून, डोक्याला दुपट्टा गुंडाळून शिडीवर चढायचे आणि काजळी कालवलेला रंग भिंतीला फासायचे. होळीच्या सुमारास पुन्हा तेच काकाजी, तीच शिडी आणि भिंत चुन्यानं पांढरी. लोक कॅलेंडर बघतात, आम्ही ती भिंत बघायचो. भिंत काळी झाली की आई ट्रंकेतून स्वेटर काढायची, पांढरी झाली की बाबा कूलरच्या वाळ्याच्या ताट्या झाडायला घ्यायचे. गल्लीत नव्यानं राहायला आलेल्यांना सुरुवातीला वाटायचं, या घरावर कुणी करणी केली असावी. मग कुणीतरी त्यांना समजावून सांगायचं की करणीबिरणी नाही, आमच्या कंडक्टर काकाजींना थंडी वाजते.

काकाजी एस.टी.त कंडक्टर होते. नरखेड, काटोल, नागपूर, याच रस्त्यावर त्यांची उमर गेली. निवृत्त झाल्यावरही खाकी स्वेटर सुटला नाही आणि बोलण्यातला कंडक्टरही सुटला नाही. लग्नाच्या पंगतीत वाढायला उभे राहिले तरी ‘चला, सरका पुढं, पुढं जागा आहे’ म्हणायचे. धरमपेठेच्या टोकाला, आमच्या घराला लागून त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं आणि त्यात ते एकटे राहायचे. बायको नव्हती, मूलबाळ नव्हतं. का नव्हतं, ते आम्हा मुलांना ठाऊक नव्हतं आणि मोठी माणसं तो विषय निघाला की भाजी निवडायला लागायची.

नागपूरला थंडी कुठली, असं पुण्या-मुंबईचे पाहुणे विचारतात. त्यांना मी जानेवारीत बोलावते. आमची घरं बांधलेली असतात उन्हाळ्यासाठी. उंच छत, दगडी फरशी, हवेला वाट. पौषात ती फरशी अशी गारठते की सकाळी पाय टेकवायला जीव होत नाही. मग घरोघरी कोळशाची शेगडी पेटायची. काकाजींच्या घरात मात्र विस्तव नव्हता. चहापुरता गॅस, बस्स. ‘ऊब पाह्यजे माणसाले, इस्तो नाही पाह्यजे,’ असं ते म्हणायचे. ऊब आणि विस्तव वेगळे कसे काढायचे, हा त्यांचा जन्माचा उद्योग होता.

त्यातूनच ती भिंत निघाली. काळ्या रंगापुढं वीतभर जागा सोडून त्यांनी लाकडी चौकटीत काचा बसवल्या होत्या. काचा जुन्या बसच्या, भंगारबाजारातून आणलेल्या. एका काचेवर ‘स्त्रियांसाठी’ अशी लाल अक्षरं अजून पुसट दिसायची, आणि त्या काचेमागचं ऊन फक्त बायकांसाठी राखीव आहे असं माझे बाबा म्हणायचे. भिंतीला खाली जमिनीलगत आणि वर छताजवळ भोकं पाडली होती. खोलीतली गार हवा खालच्या भोकातून काचेमागं जायची, तिथं तापायची आणि वरच्या भोकातून परत खोलीत यायची. ही अक्कल त्यांना बसनं दिली. हिवाळ्यात उन्हात उभी असलेली, काचा लावलेली गाडी आत शिरल्यावर अंगावर गोधडी घेतल्यासारखी उबदार लागते, हे त्यांनी वर्षानुवर्षं अनुभवलं होतं. भिंतीचा फार मोठा प्रताप होता असं मात्र नाही. ढग आले की ती नुसतीच काळी. त्यांनी स्वतःही कधी बढाई मारली नाही. विचारलं तर म्हणायचे, ‘एका स्वेटरचं काम करते. घराले बी एक स्वेटर लागते ना बेटा.’

काचेमागं खाली त्यांनी विटांची रांग मांडली होती, त्याही काळ्या रंगवलेल्या. दिवसभर त्या तापायच्या. सूर्य झाडांमागं गेला की काकाजी काच सरकवायचे आणि आम्ही मुलं जुनी पोती, फाटके टॉवेल घेऊन हजर. ज्याची त्यानं वीट घ्यायची, गुंडाळायची आणि घरी नेऊन पांघरुणात पायाशी ठेवायची. सकाळी गार झालेली वीट परत. रांगेत कुणी पुढं घुसलं तर ‘उतरणाऱ्यांना आधी उतरू द्या’ असं ऐकावं लागे. माझ्या लहानपणीच्या झोपेला त्या विटेचा वास आहे. तापलेल्या मातीचा आणि किंचित रंगाचा. आजही कुठं उन्हात विटांचा ढीग दिसला की मला जांभई येते.

भाताचंही तसंच. पाण्याला उकळी आली की पातेलं गॅसवरून उतरवून एका लाकडी पेटीत ठेवायचं, भोवती धानाचं तणीस, म्हणजे भाताचा पेंढा, दाबायचं, झाकण लावायचं आणि तास-दीड तासानं भात तयार. त्यांच्या विजेच्या मीटरची चकती इतकी हळू फिरायची की मीटर बघायला येणारा माणूस तिच्याकडं जरा वेळ बघत उभा राहायचा. गल्लीत त्यामुळं काकाजी कंजूष म्हणून प्रसिद्ध होते. आई त्यांच्या वतीनं भांडायची, पण एका बाबतीत तीही चकित व्हायची. आमच्या भागात घराघरात कापूस; गादीत, उशीत, दिव्याच्या वातीत. काकाजी कापसाच्या मुलखातले, आणि त्यांच्या घरात कापसाचं बोंडसुद्धा नव्हतं. गोधडी चिंध्यांची, उशीत चिंध्या, देवापुढचा दिवासुद्धा धोतराच्या चिंधीची वात वळून लावायचे. एकदा आईनं मायेनं त्यांना नवी कापसाची उशी शिवून दिली. दुसऱ्या दिवशी ती आमच्या अंगणातल्या दोरीवर लटकत होती.

आता त्यांच्या फेरीबद्दल सांगायला हवं, कारण गल्ली त्यांना ओळखायची ती फेरीवरून. हिवाळ्यात दिवेलागणीला काकाजी घराबाहेर पडायचे. हातात तिकिटाला भोक पाडायचा जुना चिमटा. प्रत्येक घराच्या खिडकीशी थांबायचे, नाक वर करून वास घ्यायचे आणि चिमटा गजावर आपटायचे. एकदाच आपटला तर समजायचं, काहीतरी चुकलं. आत शेगडी आहे आणि खिडकी बंद आहे. मग ते तिथून हलायचे नाहीत. ‘दोन बोटं फट ठेवा,’ म्हणायचे. खिडकीची फळी उघडून त्यांची दोन बोटं आत मावेपर्यंत तिथंच उभे. मावली की चिमटा दोनदा. टक, टक. एस.टी.तून प्रवास केलेल्या कुणालाही हे सांगायला नको. एक घंटी म्हणजे गाडी थांबवा, दोन म्हणजे चालू द्या.

लोक वैतागायचे. शेगडी पेटवायची ऊब यावी म्हणून आणि हा माणूस खिडकी उघडायला लावतो. ‘अहो काकाजी, मग अंगणातच झोपतो ना,’ असं समोरचे एक गृहस्थ दर हिवाळ्यात म्हणायचे आणि दर हिवाळ्यात फट ठेवायचे. भांडण करावं असं काकाजींच्या तोंडावर काही नसे. आम्हा मुलांना मात्र त्या वेळचे काकाजी आवडत नसत. विटा वाटणारे काकाजी वेगळे आणि हे वेगळे. धुरानं गल्ली निळसर झालेली, दिवे अजून नीट पेटलेले नाहीत, आणि एकेका खिडकीशी ती उंच आकृती बोटं आत घालून उभी. ते खिडकीकडं बघत नसत, खिडकीतून पलीकडं कुणाकडं तरी बघत. एकदा मी आतल्या बाजूनं उभी होते. त्यांची दोन बोटं फटीतून आत आली आणि फळीची कड चाचपडत राहिली. मी घाबरून आईच्या पदरात शिरले. आई म्हणाली, ‘भिऊ नको, काकाजीच आहेत.’ मला तेच तर सांगायचं होतं की ते तिथं नाहीत.

पुढं माझं लग्न झालं, मी पुण्याला गेले आणि पहिल्या बाळंतपणाला रीतीप्रमाणं माहेरी आले. मुलगी झाली, ऐन जानेवारीत. शेक-शेगडी करायला मोठी आई, म्हणजे माझ्या बाबांच्या थोरल्या भावाची बायको, नरखेडकडच्या खेड्यातून आली. मोठ्या आईच्या हातून पाच-पन्नास बाळंतपणं निघाली असतील आणि त्यातल्या प्रत्येकीची पाठ आज ताठ आहे, असा तिचा दावा होता. येताना तिनं स्वतःच्या झाडाची संत्री आणली, डिंक आणला, ओवा-बाळंतशेपा आणला आणि घरच्या कापसाचं एक गाठोडं आणलं. गाठोडं कशाला, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. मागच्या अंगणाकडची खोली माझी ठरली होती. मोठ्या आईनं त्या खोलीच्या खिडकीच्या फळ्या लावल्या आणि बाहेरून, आतून, जिथं म्हणून फट दिसली तिथं कापसाचे बोळे ठासले. दाराच्या उंबऱ्याशी चिंधीची वळकटी. आईनं हीटर आणून ठेवला होता, तो तिनं उचलून खोलीबाहेर ठेवला. त्याची ऊब कोरडी, म्हणाली. बाळंतिणीला लागतो तो कोळसा. आणि बाळंतिणीच्या खोलीत फट ठेवली तर वारा येतो, आणि वाऱ्याबरोबर दुसरंही काही येतं.

काकाजी त्या दिवसांत गल्लीत नव्हते. कन्हान नदीच्या काठी, खाप्याला त्यांचा पुतण्या राहायचा, त्याच्याकडं कार्य होतं. ते असते तर पहिल्याच संध्याकाळी खटका उडाला असता. त्यामुळं मोठ्या आईचं राज्य निर्वेध चाललं. मला शेक आवडायचा, खोटं कशाला बोलू. बाजेखाली निखारे, त्यावर ओव्याची चिमूट, पाठीला सगळीकडून ऊब. थोडं डोकं दुखायचं. आई म्हणायची, बाळंतपणात दुखतंच.

संक्रांतीनंतरचं हळदीकुंकू त्या आठवड्यात आईनं ठेवलं. पुढच्या खोलीत गल्लीतल्या बायका, तिळगूळ, हसणं, भांड्यांचे आवाज. पुरुष सगळे घराबाहेर पिटाळलेले. मोठ्या आईनं मला लवकर शेक दिला, शेगडीत नवे कोळसे घातले, ती बाजेखाली सारली आणि दार ओढून घेऊन पुढं गेली. मी बाळाला कुशीत घेतलं. पुढच्या खोलीतली हसणी ऐकू येत होती, मग ती लांबून यायला लागली, मग पाण्याखालून. मला वाटलं, झोप येतेय. हात हलवून बघितला तर तो दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा पडून राहिला. आणि त्या जाडसर अंधारात आवाज आला. खिडकीच्या फळीवर चिमटा. एकदाच.

‘बेटा,’ काकाजी बाहेरून म्हणाले, ‘फट दिसून नाही राहिली.’

ते खाप्याहून परतले होते आणि पिशवी खांद्यावर तशीच ठेवून फेरीला लागले होते. मला उत्तर द्यायचं होतं. जीभ उचलेना. त्यांचा हात फळीवरून फिरल्याचा आवाज आला. मग त्यांनी विचारलं, ‘पोट्टी रडून राहिली का?’ बाळ रडत नव्हतं. बाळ खूप वेळ रडलं नव्हतं, हे मला त्यांनी विचारल्यावर कळलं, आणि कळूनही त्याचं मला काही वाटलं नाही. माणूस मरताना असा निवांत असेल तर ते फार भयंकर आहे, असं मला आता वाटतं. तेव्हा काहीच वाटलं नाही.

मग खिडकीत उजेडाची एक रेघ उमटली. ते बाहेरून कापूस उपसत होते. नखांनी फळीवर ओरखडे काढल्याचा आवाज येत होता आणि त्यात त्यांचं एकच बोलणं, पुन्हा पुन्हा. ‘रडली का पोट्टी? रडली का वं?’ दुसरी रेघ उमटली. मग त्यांनी फळी धरून अशी ओढली की आतली जुनी कडी खिळ्यासकट निघून आली आणि सगळी थंडी एकदम आत पडली. ती माझ्या तोंडावर आदळली. बाळाच्याही आदळली असणार, कारण ते आधी कण्हलं, मग त्यानं श्वास ओढला आणि मग ते रडलं. त्या रडण्यानं पुढच्या खोलीतलं हसणं थांबलं.

बायका हळदीकुंकवाची ताटं घेऊनच धावत आल्या. आईनं बाळाला उचललं, मला दोघींनी धरून अंगणात आणलं. काकाजी खिडकीकडं पाठ करून धुण्याच्या दगडावर बसले होते, हातात कापसाचे बोळे. मोठी आई अंगणात आली ती कडाडतच. बाळंतिणीच्या खिडकीला परक्या पुरुषानं हात घातला होता, ते हळदीकुंकवाच्या दिवशी, गल्लीतल्या सगळ्या बायकांसमोर. ती काकाजींच्याच भागातली, शेजारच्या गावची. त्यांची हकिकत तिला पूर्ण ठाऊक होती, आणि रागाच्या भरात ती बोलून गेली.

‘तुमच्या घरी फट राहिली म्हणून ते झालं, भाऊ. अन् आता आमच्या पोरीची खिडकी उघडून राहिले?’

काकाजींनी मान वर केली. मी त्यांचा तो चेहरा लहानपणी खिडकीशी पाहिला होता. ‘फट राहिली नव्हती वहिनी,’ ते म्हणाले. ‘ते खोली मीच बुजवली होती. एक बी फट राहिली नव्हती.’

त्यांची ती गोष्ट मी नंतर तुकड्यातुकड्यानं ऐकली, काही तिच्याकडून, काही त्यांच्याकडून. त्यांच्या बायकोला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. मुलगी झाली होती. पौषाचे दिवस होते. त्यांच्या गावात बाळंतिणीच्या खोलीच्या फटी बुजवण्याचा मान बाळाच्या बापाचा. बायकोला आणि लेकीला बघायला आत जाता येत नाही, निदान एवढं तरी त्यानं बाहेरून करावं. काकाजींनी स्वतःच्या शेतातला पहिल्या वेचणीचा, सगळ्यात पांढरा कापूस काढला आणि खोलीभोवती फिरून फिरून भरला. बायको आतून हसत होती आणि कुठं उजेड दिसतो ते सांगत होती. ‘इकडं राहिली जी, इकडं एक राहिली.’ ती सांगेल तिथं ते बोळा ठासत होते. रात्रभर बाजेखाली शेगडी होती. सकाळी दार उघडलं तेव्हा दोघी झोपल्यासारख्या होत्या.

गावानं सांगितलं, फटीतून काहीतरी आत आलं. नवऱ्याच्या हातून एखादी फट राहिली असणार. त्यांची आई मरेपर्यंत त्यांना विचारत राहिली, ‘उत्तरेकडची नीट बुजवली होती ना रे?’ म्हणून ते गाव सोडून एस.टी.त आले. बसमध्ये तिकिटं फाडता फाडता ते मनात त्या खोलीभोवती फिरायचे आणि राहिलेली फट शोधायचे. सापडायची नाही. मग एका हिवाळ्यात एका संत्र्याच्या बागेतल्या रखवालदाराला लोकांनी सकाळच्या गाडीत आणून घातलं. झोपडी बंद करून शेगडीशी झोपला होता, शुद्ध नव्हती. गाडीच्या काचा खिळखिळ्या, लागायच्या नाहीत, सगळ्या रस्ताभर वारा. काटोल यायच्या आत तो माणूस उठून बसला आणि पाणी मागू लागला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, कोळशाचा वायू त्याला भोवला होता, गाडीची हवा लागली म्हणून वाचला. काकाजी त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिले आणि ड्रायव्हरनं किती हॉर्न दिले तरी उठले नाहीत. ‘तोवर मले वाटे, एक फट राहिली,’ त्यांनी मला सांगितलं. ‘त्या दिवशी कळलं. मी काम नीट केलं होतं.’

मोठ्या आईनं त्या संध्याकाळी शेगडी अंगणात नेऊन तिच्यावर पाणी ओतलं. तोंडानं काही कबूल करणारी ती बाई नव्हती. दुसऱ्या दिवशी मात्र उन्हं कलल्यावर ती जुनं लुगडं घेऊन काकाजींच्या काळ्या भिंतीशी जाऊन उभी राहिली, मुलांच्या रांगेत. चार विटा आणल्या, त्या लुगड्यात गुंडाळल्या आणि माझ्या पाठीशी लावल्या. ओव्याची पुरचुंडी तव्यावर तापवून शेक द्यायचा आणि तवा स्वयंपाकघरातच ठेवायचा, असा तिनं नवा शास्त्रार्थ काढला. दुपारी मला आणि बाळाला व्हरांड्यातल्या उन्हात बसवायची. कुरकुर चालूच होती. विटेची ऊब काय ऊब आहे का, उद्या मातीच भरवा म्हणावं बाळंतिणीला. पण गावी परत जायला निघाली तेव्हा तिनं काकाजींच्या दाराशी उभं राहून सांगितलं, ‘तुमच्या हातून फट राहिली नव्हती, हे मी तिकडे सांगतो सगळ्याइले.’ आमच्याकडं बायकाही ‘सांगतो’ म्हणतात. काकाजींनी हात जोडले. मी त्यांना रडताना पाहिलं ते तेवढं एकदा.

मला वाटलं होतं, आता तरी ते फेरी सोडतील. तसं काही झालं नाही. वाचलेल्या माणसांचा आकडा वाढला म्हणून गेलेली माणसं कमी होत नाहीत. पुढच्या हिवाळ्यातही भिंत काळी झाली, पुढच्याही. आम्ही पुण्याहून नागपूरला, माझ्या माहेरच्याच घरी, परत आलो, माझी मुलगी त्याच रांगेत उभी राहून विटा आणायला लागली. गल्लीतल्या शेगड्या हळूहळू गेल्या आणि ब्लोअर, हीटर आले. तरी काकाजी दिवेलागणीला निघायचे आणि वास घेत घेत गल्लीच्या टोकापर्यंत जायचे. नंतर बाथरूममध्ये गॅसचे गीझर आले, तेव्हा त्यांनी बाथरूमच्या झरोक्यांवरही चिमटा वाजवायला सुरुवात केली. त्यावरून एका नव्या बिऱ्हाडानं बराच तमाशा केला. गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्या काकाजींच्या बाजूनं उभ्या राहिल्या.

शेवटी त्यांच्या आणि आमच्या घराची मिळून फ्लॅट स्कीम झाली. काचा भंगारात परत गेल्या. ‘स्त्रियांसाठी’ लिहिलेली काच मी मागून घेतली, ती बाल्कनीत आहे, तिच्यामागं मी विटा ठेवते. काकाजींच्या गुडघ्यांना जिने झेपत नव्हते, पुतण्या त्यांना खाप्याला घेऊन गेला. आता आमच्या खिडक्या सरकत्या, रबराची पट्टी लावलेल्या, केसभर हवाही आत येणार नाही अशा. हिवाळ्यात त्या मी पुरत्या लावू शकत नाही. दोन बोटं ठेवते. मुलगी गीझर लावून आंघोळीला गेली की झरोका उघडा आहे का ते विचारते, आणि तिनं उत्तर दिलं तरी ती गाणं म्हणेपर्यंत दाराशी उभी राहते. दिवेलागणीला कुठंतरी लोखंडावर लोखंड वाजतं. लिफ्टचं दार असतं, कुणाचं तरी कुलूप असतं. माझा हात चालता चालता थांबतो आणि मी दुसऱ्या टोल्याची वाट बघते. तो बहुतेक वेळा येत नाही.

गेल्या जानेवारीत पुतण्याचा फोन आला, भेटायचं असेल तर या. मी मुलीला घेऊन खाप्याला गेले. ती आता कॉलेजात आहे, काकाजींहून उंच वाटते. दुपार उतरणीला लागली होती. नदीकडून गार वारा होता म्हणून घरच्यांनी मायेनं त्यांच्या खोलीच्या खिडक्या लावून घेतल्या होत्या. लोखंडी पलंगावर काकाजी इतकेसे झाले होते. त्यांनी आम्हाला ओळखलं नाही. त्यांचे डोळे खिडकीवर होते आणि पांघरुणावर बोटं चालली होती, काहीतरी उपसल्यासारखी. पुतण्या म्हणाला, दोन दिवसांपासून असंच चाललं आहे, काय शोधतात कळत नाही. मला कळलं.

मी उठून खिडकी उघडली, दोन बोटं. वारा आत आला. मग मी त्यांची चाललेली बोटं हातात धरली आणि म्हटलं, ‘काढला काकाजी. सगळा कापूस काढला.’

बोटं थांबली. मग त्यांनी विचारलं, ‘पोट्टी रडली का?’

माझी मुलगी दाराशी उभी होती. ‘रडली,’ मी म्हटलं. ‘जोरात रडली.’

‘अन् तिची माय?’

ते कुणाबद्दल विचारत होते, हे मला कळलं नाही असं म्हणणार नाही. त्यांच्या तोंडावर तोच चेहरा होता, खिडकीतून पलीकडं बघणारा, आणि या खेपेला त्या पलीकडच्या खोलीत मी बसले होते.

‘जागी आहे काकाजी,’ मी म्हटलं. ‘तीच तर बोलून राहिली.’

त्यांनी माझ्या हातातून आपला हात सोडवून घेतला. पलंगाची लोखंडी दांडी चाचपडून शोधली आणि बोटाचं पेर तिच्यावर आपटलं. एकदा. मी श्वास धरून बसले. मग त्यांनी ते पुन्हा आपटलं.